माझं नक्षत्र नक्की कोणतं? एक ताईत, दोन तारे आणि चार अंशांची भानगड

हा एपिसोड मी रात्री पावणेबाराला रेकॉर्ड केला, कारण त्याआधी आमच्या तुळिंज रोडवरच्या रिक्षांचे हॉर्न काही थांबत नाहीत. तरी मध्येच एकदा कुत्री भुंकली आहेत. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका.

आजचा विषय ताईत. म्हणजे कुठल्याशा बाबाने दिलेला नव्हे, तर नक्षत्र बघून, मुहूर्त साधून केलेला. माझ्याकडे असा एक आहे. दीड इंचाची चांदीची नळी, दोन्ही टोकांना टोपणं, एक टोपण लाखेनं बंद, आणि काळा दोरा. सातवीपर्यंत तो माझ्या गळ्यात होता. मग शाळेत मुली हसायला लागल्या आणि तो आईच्या कपाटात गेला. का बांधला होता, तर माझा जन्म आश्लेषा नक्षत्रावरचा. आजीनं रत्नागिरीहून गुरुजींकडून पत्रिका करून आणली, चंद्र पुन्हा त्याच नक्षत्रात आला त्या दिवशी आश्लेषा शांती झाली आणि ताईत गळ्यात पडला. आत नागचाफ्याचं मूळ. प्रत्येक नक्षत्राला एक झाड दिलेलं असतं, आश्लेषाचं नागचाफा.

हे सगळं मी विसरूनही गेले होते. मग गेल्या वर्षी एक स्थळ आलं. मुलगा बरा वाटला, दोनदा भेटलो, एकदा त्यानं स्वतःहून बिल भरायच्या आधी ‘अर्धं अर्धं करूया का’ विचारलं, मला आवडलं. मग त्याच्या आईनं माझ्या आईला फोन केला. “मुलगी छानच आहे हो, पण आश्लेषाची. आणि आमच्याकडे सासू हयात आहे.” सासू म्हणजे त्या स्वतः! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आश्लेषावर जन्मलेली मुलगी सासूला वाईट, मूळची सासऱ्याला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला, अशी यादीच आहे. मुलग्यांसाठी इतकी काळजीपूर्वक यादी कुणी केलेली नाही, हे जाता जाता.

त्या रात्री चिडून मी एका ज्योतिष ॲपमध्ये माझी जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण टाकलं. ॲप म्हणालं: पुष्य, चौथा चरण.

पुष्य! सगळ्यात शुभ समजलं जाणारं. ज्याच्या नावानं गुरुपुष्यामृताला सोनाराच्या दुकानांबाहेर रांगा लागतात, ते. मला वाटलं वेळ चुकली. पुन्हा टाकली. पुष्यच. दुसरं ॲप, पुष्य. मग मी तेच केलं जे ऑफिसात कुणाच्याही कोडमध्ये दोन ठिकाणी दोन उत्तरं आली की करते: सेटिंग्ज उघडल्या. तिथे एक ड्रॉपडाउन होता, ‘अयनांश’, आणि त्यात आपोआप निवडलेलं होतं ‘लाहिरी’. खाली आणखी दहा-पंधरा पर्याय. त्यातला रेवतीचा निवडला, आणि स्क्रीनवर आलं: आश्लेषा.

म्हणजे आजीचे गुरुजीही बरोबर आणि ॲपही. बाळ तेच, चंद्र तोच, नक्षत्रं दोन. आजचा एपिसोड त्या ड्रॉपडाउनचा इतिहास आहे.

आधी थोडं मागे जाऊ, कारण ताऱ्यांच्या प्रभावाखाली वस्तू ‘भारून’ ठेवायची कल्पना फक्त आपली नाही. हजारेक वर्षांपूर्वी अंदालुसियात, म्हणजे अरबी अमलाखालच्या स्पेनमध्ये, ‘घायत अल-हकीम’ नावाचा जाडजूड ग्रंथ अरबीत लिहिला गेला. १२५६ च्या सुमारास कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो यानं त्याचं भाषांतर करवलं, आणि पुढे लॅटिनमध्ये तो ‘पिकाट्रिक्स’ नावानं युरोपभर फिरला. त्यात चंद्राच्या २८ मुक्कामांची यादी आहे: चंद्र या मुक्कामात असताना या कामासाठी ताईत कर, त्या मुक्कामात त्या. आणि ती पद्धत तो ग्रंथ कुणाच्या नावावर सांगतो? हिंदच्या लोकांच्या. २८ मुक्काम म्हणजे आपली २७ नक्षत्रं अधिक अभिजित.

युरोपात याच्या जोडीला १५ ताऱ्यांची एक वेगळी यादी चालायची. १५३३ साली छापलेल्या अग्रिप्पाच्या जादूविद्येवरच्या ग्रंथातही ती आहे. प्रत्येक ताऱ्याला एक खडा, एक वनस्पती आणि एक चिन्ह. चंद्र त्या ताऱ्याजवळ आला की खडा अंगठीत बसवायचा, खाली ती वनस्पती ठेवायची. मी ती यादी वाचत होते आणि मला आपलीच माणसं भेटत गेली. कृत्तिका. रोहिणी. मघा. चित्रा, तिचा खडा पाचू. स्वाती. ज्येष्ठा. अभिजित. शिवाय व्याध आणि ब्रह्महृदय. नावं लॅटिन-अरबी, तारे आपलेच. आपल्याकडे खड्यांचा मान नवग्रहांना गेला, नक्षत्रांच्या वाट्याला झाडं आली. रविवारी पुष्य आलं की पांढऱ्या रुईचं मूळ काढून त्याचा गणपती करतात, तो याच घराण्यातला.

आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर विजापूर. अली आदिलशाह पहिला, तोच जो १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध इतर सुलतानांबरोबर होता. त्याच्या दरबारात १५७० साली ‘नुजूम-उल-उलूम’ हा फारसी ग्रंथ तयार झाला. आज ती हस्तलिखित प्रत डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. ग्रह, राशी, राशींचे एकेक अंश, ताईत, योगिनींसारख्या शक्ती, घोडे, हत्ती, शस्त्रं, सगळं चित्रांसकट. अरबी-फारसी विद्या आणि दख्खनची विद्या एकाच जिल्दीत. एमा फ्लॅट या अभ्यासक तर म्हणतात की लेखक खुद्द सुलतानच असावा. ज्या राज्याचे महसुली हिशेब मराठीत चालत होते त्या राज्याचा राजा रात्री बसून कुठल्या अंशावर कुठली शक्ती बसते याचे तक्ते करवतोय, हे चित्र मला फार आवडतं. त्याला ते मनोरंजन नव्हतं. लढाईला कधी निघायचं हा प्रश्न होता.

आता मुद्द्याची गोष्ट. असल्या ताईतात खरा कच्चा माल चांदी किंवा मूळ नसतो. खरा माल असतो वेळ. मूळ दुसऱ्या दिवशी उपटलं तर ते नुसतं मूळ. आणि वेळ ठरते चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे त्यावरून. मग नक्षत्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे ठरवतं कोण?

चंद्राची वाट म्हणजे ३६० अंशांचं वर्तुळ. त्याचे २७ सारखे तुकडे केले की एकेक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. सोपं. पण वर्तुळाला सुरुवात नसते. पहिला तुकडा कुठून मोजायचा? प्रोग्रामिंग करणाऱ्यांना सांगायला नको, ॲरे शून्यापासून मोजायचा की एकपासून यावरून काय काय फुटतं. इथेही शून्य कुठे ठेवायचं हाच वाद, फक्त तो आकाशात आहे.

सूर्यसिद्धांत दोन खुणा देतो. रेवतीचा तारा ३५९ अंश ५० कलांवर, म्हणजे जवळजवळ शून्यावरच. आणि चित्रेचा तारा बरोबर १८० वर, म्हणजे शून्याच्या समोर. कागदावर दोन्ही छान जमतं. घोळ आकाशात आहे. रेवतीचा म्हणून जो तारा ओळखला जातो, मीन राशीतला झीटा पिशियम, तिथून चित्रेपर्यंत मोजलं तर अंतर १८० नाही, जवळपास १८४ अंश भरतं. एकाच ग्रंथातल्या दोन ओळी एकाच वेळी खऱ्या करता येत नाहीत. रेवती धरली तर शून्य एका जागी, चित्रा धरली तर चार अंश बाजूला.

शेकडो वर्षं हे कुणाला खुपलं नाही, कारण लोक आकाश बघून पंचांग करतच नव्हते. महाराष्ट्रात बहुतेक पंचांगं गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’वरून व्हायची. हा गणेश दैवज्ञ आपल्या कोकणातला, मुरूडजवळच्या नांदगावचा, ग्रंथ १५२० चा. त्रिकोणमितीच्या ज्या टाळून सोप्या आकडेमोडीत ग्रह काढायची त्याची युक्ती इतकी भारी होती की तीनेकशे वर्षं कुणी दुसरं काही शोधलंच नाही. पण छोटी छोटी चूक साठत जाते. एकोणिसाव्या शतकात पंचांग एक सांगायचं आणि दुर्बीण दुसरं.

मग केरो लक्ष्मण छत्रे आले. जन्म १८२५, पुण्यात गणिताचे प्राध्यापक. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी. केरूनानांनी युरोपीय कोष्टकांवरून ग्रहगणित मराठीत आणलं आणि १८६५ पासून नवीन पंचांग सुरू केलं, पटवर्धनी पंचांग. आरंभबिंदू म्हणून त्यांनी झीटा पिशियम धरला. ग्रंथ म्हणतो रेवती शेवटी, तर रेवती शेवटी. पुढे टिळकांनी हीच बाजू उचलली. १९०४ च्या मुंबईच्या ज्योतिष संमेलनापासून पंचांगशुद्धीची जी चळवळ चालली तिच्यात ते पुढे होते, आणि त्यातून जे पंचांग रूढ झालं त्याला आपण आजही टिळक पंचांग म्हणतो. हाच रैवत पक्ष.

समोर व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४, नरगुंदचा. पेशानं शिक्षक, ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ लिहिणारे. १९११ साली नेपच्यूनपलीकडे ग्रह असावेत असं गणित त्यांनी फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या नियतकालिकात छापून आणलं होतं, प्लूटो सापडायच्या एकोणीस वर्षं आधी. केतकरांनी चित्रेची बाजू लढवली. आणि १९३० मध्ये ते वारले ते कुठे? विजापुरात. अली आदिलशहाच्या ‘नुजूम’च्या गावात. मी हे वाचलं तेव्हा विरार लोकलमध्ये उभी होते आणि माझा भाईंदरचा सीट मिळायचा चान्स गेला.

हा वाद चालला तो जोरात. संमेलनं, लेख, पत्रकं. आज वाचताना गंमत वाटते, कारण दोन्हीकडची माणसं दुर्बीण, लॉगरिदम आणि नॉटिकल अल्मनॅक वापरणारी. अडाणी विरुद्ध शहाणे असा सामना तो नव्हताच. दोघांनाही आकाश नेमकं माहीत होतं. वाद फक्त शून्याचा होता, आणि शून्य आकाशात दिसत नाही.

निकाल लागला दिल्लीत. १९५२ मध्ये सरकारनं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली. पुण्याचे ज. स. करंदीकर, जे ‘केसरी’चे माजी संपादक, आणि नागपूरचे के. ल. दफ्तरी हे तिचे सदस्य. सचिव निर्मलचंद्र लाहिरी. १९५५ च्या अहवालात अयनांश ठरले: २१ मार्च १९५६ ला २३ अंश १५ कला. म्हणजे व्यवहारात चित्रा जिंकली. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती दिनदर्शिका आपण कुणी वापरत नाही, आकाशवाणी सोडून. पण लाहिरींचं नाव मात्र तुमच्या-माझ्या फोनमधल्या ड्रॉपडाउनमध्ये डिफॉल्ट होऊन बसलं. सोलापूरचं दाते पंचांग चित्रा पक्षाचंच. टिळक पंचांग राहिलं पुण्यातल्या काही घरांत आणि कोकणात, मुख्यतः रत्नागिरीकडे. आणि आमची आजी रत्नागिरीची.

चार अंशांनी फरक काय पडतो? चंद्र दिवसाला साधारण १३ अंश सरकतो, म्हणजे चार अंशांना सुमारे सात तास. टिळक पंचांगात प्रत्येक नक्षत्र दात्यांपेक्षा सात तास आधी लागतं आणि सात तास आधी संपतं. समजा गुरुवारी दात्यांचं पुष्य दुपारी दोनपर्यंत आहे. तुम्ही आरामात अकराला सोनाराकडे गेलात, वळं घेतलंत, गुरुपुष्यामृत साधलंत. टिळक पंचांगाप्रमाणे ते सकाळी सातलाच संपलं, तुम्ही आश्लेषात सोनं घेतलं. काही वर्षी तर अधिक महिनाच वेगळा येतो आणि एकाच गावात गणपती दोन घरांत महिन्याच्या अंतरानं बसतात.

मग कुणाचं बरोबर? मी वाढीव काम केलं. स्टेलॅरियम उघडलं, माझ्या जन्माची वेळ टाकली आणि चंद्र कुठे होता ते थेट आकाशात पाहिलं. पुष्याचा योगतारा म्हणजे कर्क राशीतला एक फिकट तारा, डेल्टा कॅन्क्री. माझा चंद्र त्याच्या अगदी शेजारी होता. अर्ध्या अंशाच्या आतबाहेर. म्हणजे त्या रात्री गच्चीवर कुणी उभं राहून बघितलं असतं तर म्हटलं असतं, चंद्र पुष्यात आहे, दिसतोय की. आणि आता गंमत: रैवत पक्षानं शून्य मोजलं तर पुष्याचा हा तारा स्वतःच १०८ अंशांच्या पुढे जातो. पुष्याची हद्द १०६ अंश ४० कलांना संपते. म्हणजे टिळक पंचांगात पुष्याचा तारा आश्लेषाच्या घरात राहतो! उलट चित्रा पक्षात रेवतीचा तारा शेवटच्या टोकाला न राहता चार अंश अलीकडे सरकतो. कुठेतरी कुणीतरी परक्या घरात किंवा चुकीच्या खोलीत.

माझं मत विचाराल तर चित्रा. कारण एकच, ती दिसते. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरून, सगळ्या हॅलोजनच्या उजेडात, चित्रा स्वच्छ दिसते. रेवतीचा तो तारा पाचव्या प्रतीचा, अंधाऱ्या गावातही डोळे ताणून शोधावा लागतो. शून्याची खूण दिसावी तरी. पण हे मत इंजिनियरचं. केरूनाना म्हणाले असते, ग्रंथात जे लिहिलंय ते लिहिलंय.

हे सगळं मी आजीला सांगितलं. लॅपटॉपवर चंद्र दाखवला, तारा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अगो, म्हणजे माझा ताईत फुकट गेला?”

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. मी वाद जिंकायला बसले होते. ताईत मी मानत नाही, तरीही ‘हो’ म्हणता येईना. नागचाफा आश्लेषाचा. पुष्याचं झाड पिंपळ, जो आमच्या बिल्डिंगच्या पाइपातून फुकट उगवतो. तिनं नागचाफ्याचं मूळ कुठून कुठून शोधून आणलं होतं, त्यासाठी एसटीनं दोनदा गेली होती, हे आईनं मला नंतर सांगितलं.

आजीच म्हणाली, उघडून बघू. तुळिंज रोडवरच्या एका सोनारानं लाख काढून दिली. आत बोटभर तपकिरी भुगा आणि काडीएवढं लाकूड. सोनारानं नळी वजनाला लावली आणि चांदी साडेचार ग्रॅम म्हणून सांगितलं, आतल्याबद्दल काही बोलला नाही. मला आपल्या स्टेशनच्या पश्चिमेचा सोपाऱ्याचा स्तूप आठवला. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला तेव्हा दगडी पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची, तिच्यात सोन्याची. आणि सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी इतके जपलेले. आजीनं भुगा तळहातावर घेतला, थोडा सांडला तो पदरानं टिपला आणि परत नळीत घातला.

स्थळाचं काय झालं विचाराल. आईनं दाते पंचांगावरून नवी पत्रिका करून पाठवली, पुष्य नक्षत्र. तीन दिवसांनी फोन आला. आश्लेषाची नाडी अंत्य असते, पुष्याची मध्य. मुलाची नाडीही मध्य. “आता एकनाड दोष येतोय हो.” मुलाचा मेसेज आला, सॉरी, आई ऐकत नाहीये. मी अंगठा पाठवला.

ताईत आता पुन्हा बंद करायचा आहे. आजी म्हणते गुरुपुष्याला बंद करू. मी विचारलं, कोणत्या पंचांगाच्या? ती म्हणाली, “दोन्हीत पुष्य असेल अशी वेळ काढ. तू इंजिनियर ना?” काढली. दहा-बारा ओळींचा कोड लागला, दोन्ही अयनांश घालून, आणि गुरुवार सूर्योदयापासून धरून. पुढच्या गुरुपुष्याला सूर्योदयानंतर जेमतेम दोन तास मिळतात, आणि माझी त्याच वेळेत रोजची मीटिंग असते. आजीनं फोनमध्ये अलार्म लावून घेतलाय. माझ्या फोनमध्ये.